ओवणी

आधी पाय वर घे.
तुझा नव्हे, दीक्षिता. मशीनचा.
सुईजवळचा तो लोखंडी पाय.
तो खाली असला की आतल्या चकत्या दात आवळून बसतात,
दोरा त्यांच्यावरून नुसता सरकतो, मध्ये शिरत नाही,
मग कापडाच्या पोटाखाली शेवयांचा गोळा,
आणि तू बिचाऱ्या दोऱ्याला शिव्या घालतेस.

चाक आपल्याकडे फिरव. आपल्याकडेच.
उलटं फिरवलंस तर लुदोविना बाय ओरडेल,
तिला जाऊन अकरा वर्षं झाली तरी.

तिनंच मला शिकवलं, कुडचड्याच्या स्टेशनमागच्या खोलीत.
खिडकीपलीकडून खनिजाचे ट्रक, एकामागं एक एक,
पांढरा फ्रॉक शिवून होईतो गुलाबी व्हायचा.
कुमन्यांवचे झगे म्हणून ती रात्रीच हाती घ्यायची,
शेवटचा ट्रक गेल्यावर,
जमिनीवर पाणी शिंपडून.
दोरा तुटला की म्हणायची,
सुताकय जीव आसा गो, ओढूं नाका.

तो वरखाली नाचणारा दांडा दिसतो?
त्याला अगदी माथ्यावर आण, मग ओव.
त्याचं भोक सगळेच विसरतात.
मी विसरले होते, शाळेच्या बॅन्डचे अठरा शर्ट अंगावर असताना.
अठराच्या अठरा उसवले.

दातानं तोडू नकोस, कात्री आहे.
तिरकं काप.
थुंकी लावायचीच असेल तर दोऱ्याला नको, नेढ्याला लाव.
ओला दोरा फुगतो;
ओलं नेढं ओढून घेतं.
मागं पांढरं काहीतरी धर, वीजबिलाची पाठ चालते.
तेवढ्यापुरता तरी उजेड पडतो त्या बिलाचा.

कुठल्या बाजूनं ओवायचं?
माझ्या हिला डावीकडून. तुझ्या मावशीच्या नवीला समोरून.
पाठ करू नकोस, बघ:
सुईच्या वरची शेवटची कडी ज्या बाजूला,
दोरा त्याच बाजूनं आत.

गेल्या वर्षी इतकं सगळं करूनही दर वीतभरावर तुटायचा.
सुई बदलली. रीळ बदललं. तेल घातलं, आणखी तुटायला लागला.
तुळशीदास म्हणाला, विकून टाक.
ट्रक विकल्यापासून त्याला प्रत्येक गोष्टीवर हाच उपाय सुचतो.
शेवटी मी चकत्यांचा स्क्रूच काढला.
स्प्रिंग, चकती, चकती,
निघाले त्या क्रमानं बशीत मांडत गेले
(तूही मांड, नाहीतर रडत बसशील).
दोन चकत्यांच्या मध्ये
तेलात मळलेली लाल धूळ.
चिमूटभर. कुंकवाच्या करंडीच्या तळाशी उरते तेवढी.

रस्त्यावरून ट्रक जायचे थांबून किती वर्षं झाली,
आणि ही इथं दोऱ्याला चावत बसलेली.

तुळशीदास उठून आला.
बोटावर घेतली, दिव्याखाली धरली,
अंगठ्यानं चोळली,
बराच वेळ.
मग म्हणाला, ही आमच्या खाणीची न्हय.
आमची काळपट होती.
आणि बोट लुंगीला पुसून परत जाऊन बसला.

त्या दिवसापासून महिन्यातून एकदा
जुन्या मलमलीची पट्टी चकत्यांमधून फिरवते.
दरवेळी थोडी लाल निघते.
कुठून येते, देव जाणे.

ओवलास? दाखव.
वीतभर शेपूट मागं सोड, पायाखालून.
खालच्या बॉबिनचा दोरा वर काढ, एकदा चाक फिरवून,
वरचाच त्याला आणतो हात धरून.
सुरुवातीला दोन्ही टोकं बोटांत गच्च,
पहिले चार टाके होईपर्यंत.
मग सोड.

थांब, गिऱ्हाइकाचं कापड ठेव बाजूला.
ती खाकी चिंधी घे, खुर्चीवरची.
त्याच्या युनिफॉर्मची बाही आहे.
तिच्यावर शिव आधी.
वाकडं आलं तरी चालेल,
तिला आता कुठं ड्युटीवर जायचंय.